घरच्या संगणकाचे बिघाड: खेड्यात राहून काय तपासावे आणि फायली कशा वाचवाव्यात

विदर्भातल्या खेड्यात घरचा संगणक बंद पडला की तो चादरीत गुंडाळून, दुचाकीवर मागे बसणाऱ्याच्या मांडीवर ठेवून तालुक्याच्या दुकानात नेला जातो आणि संध्याकाळी ‘विंडोज मारून दिली, आता चालते’ एवढ्या निरोपासह परत मिळतो. यंत्र चालू झालेले असते हे खरे. परंतु बचत गटाच्या हिशेबाची फाइल, मुलीच्या प्रकल्पाचे टिपण आणि लग्नाचे फोटो त्या व्यवहारात अनेकदा पुसले जातात. विंडोज नव्याने टाकताना डिस्कच्या ज्या भागावर ती बसते तो भाग सहसा कोरा केला जातो, आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स व डाउनलोड्स ही फोल्डरे बहुधा त्याच भागात असतात. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा आतला डबा), रॅम (तात्पुरत्या स्मृतीची पट्टी), की-बोर्ड हे सारे नागपूरच्या सीताबर्डीत किंवा अमरावती-अकोल्याच्या बाजारात पैसे मोजून मिळते, पुसलेली फाइल तशी मिळत नाही. म्हणून बिघाड शोधताना आधी वीज, मग बाहेर जोडलेली उपकरणे आणि शेवटी आतले भाग असा क्रम धरावा. आणि या कोणत्याही टप्प्यावर यंत्र थोडा वेळ जरी सुरू झाले, तरी पुढची दुरुस्ती थांबवून महत्त्वाच्या फायलींची प्रत आधी काढून घ्यावी.

वीज

बटण दाबूनही काहीच होत नसेल, तर त्याच सॉकेटात मोबाइलचा चार्जर किंवा टेबललॅम्प लावून पाहावा. एक्स्टेंशन बोर्डाचा सैल झालेला सॉकेट हा खेड्यातल्या संगणकाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आजार आहे. वीज येत असेल, तर यंत्राची पॉवर केबल काढून पुढचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, त्यामुळे आत अडकून राहिलेला विद्युतभार निघून जातो. नंतर केबल घट्ट बसवून पुन्हा सुरू करून पाहावे. व्होल्टेज एकदम कमी-जास्त झाल्याने एसएमपीएसने स्वतःला बंद करून घेतले असेल, तर पुष्कळदा एवढ्याने काम भागते.

साधा मल्टिमीटर घरी असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो एसीच्या मोठ्या पट्ट्यावर ठेवून फेज आणि न्यूट्रल यांमधला दाब मोजला, तर तो २३० व्होल्टच्या आसपास यायला हवा. एकाच डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) ओलिताच्या मोटारी चालू असल्या की दाब किती खाली येतो, हे दुपारी, संध्याकाळी आणि रात्री वेगवेगळे मोजून आपल्या एसएमपीएसवर छापलेल्या मर्यादेशी ताडून पाहावे. त्यानंतर न्यूट्रल आणि अर्थ यांमधला दाब मोजावा. तो दोन-तीन व्होल्ट असेल तर काळजीचे कारण नाही. तो बराच जास्त असेल, किंवा फेज आणि अर्थ यांमध्ये २३० च्या जवळपास आकडा येतच नसेल, तर अर्थिंग बिघडलेले किंवा मुळातच नसलेले आहे. उघड्या टोकांजवळ काम करण्याची सवय नसेल, तर हे मोजमाप वायरमनकडून करून घ्यावे.

अर्थिंग नसलेल्या घरात संगणकाच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसमधल्या फिल्टरचे कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोहोंना पत्र्याशी जोडत असल्यामुळे, अर्थ नसताना पत्र्यावर मुख्य दाबाच्या निम्म्याच्या जवळपास दाब दिसू शकतो. त्यातून वाहणारा प्रवाह फार लहान असतो. पण प्रिंटर दुसऱ्या सॉकेटवर लावून दोन्ही यंत्रे चालू असताना यूएसबी केबल जोडली, तर तेवढ्यानेही पोर्ट जळू शकतो. म्हणून अर्थिंग नीट होईपर्यंत सर्व उपकरणे एकाच बोर्डावर लावावीत आणि केबल जोडताना दोन्हीकडची वीज बंद ठेवावी. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मार्चनंतर त्यात अधूनमधून पाणी ओतले नाही, तर पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग मे महिन्यात निकामी ठरते.

दिवे अचानक नेहमीपेक्षा फार प्रखर झाले किंवा पंखा सुसाट फिरू लागला, तर क्षणभरही न थांबता मेन स्विच पाडावा. बाहेर कुठे न्यूट्रल तुटलेला असला, तर घरात ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो आणि तो संगणकासह टीव्ही, फ्रिज सगळे घेऊन जातो. अशी तक्रार १९१२ या क्रमांकावर नोंदवता येते.

घरात इन्व्हर्टर असेल, तर त्याच्या मागच्या बाजूचे लहान बटण पाहावे. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरांना ‘यूपीएस’ आणि ‘वाइड यूपीएस’ किंवा ‘इको’ अशा दोन अवस्था असतात. पहिल्या अवस्थेत बाहेरची वीज साधारण १८० ते २६० व्होल्ट असेल तरच स्वीकारली जाते आणि वीज गेल्यावर बॅटरीवर येण्यास सुमारे १० मिलिसेकंद लागतात; दुसऱ्या अवस्थेत सुमारे १०० ते २९० व्होल्टपर्यंतची वीज तशीच आत सोडली जाते आणि बदल होण्यास ४० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. एसएमपीएस साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. त्यामुळे ‘इन्व्हर्टर असूनही लाइन गेली की संगणक बंद पडतो’ या तक्रारीचे उत्तर पुष्कळ घरी त्या एका बटणात असते. स्वतंत्र यूपीएस घेतला असेल, तर त्यावर लेझर प्रिंटर कधीही लावू नये. प्रिंटरचा कागद तापवणारा भाग सुरुवातीला हजार वॅटच्या आसपास ओढू शकतो आणि ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो. यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, आणि ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोला या ४५ अंशांपुढे जाणाऱ्या पट्ट्यात त्याहूनही लवकर बसते, कारण उष्णतेने शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते.

जूनच्या पहिल्या पावसात ढग गडगडू लागले की नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग भिंतीतून काढावा आणि इंटरनेटची तांब्याची केबलही राउटरपासून सोडवावी. फायबरची काचेची तार वीज वाहून नेत नाही. तिच्या डबीचा अडॅप्टर मात्र नेतो.

बाहेरची उपकरणे

वीज ठीक असूनही यंत्र अडखळत असेल, तर प्रिंटर, पेन ड्राइव्ह, वेबकॅम, स्पीकर सारे काढून फक्त की-बोर्ड आणि मॉनिटर ठेवून सुरू करावे. एखाद्या पेन ड्राइव्हमुळे किंवा शॉर्ट झालेल्या माउसमुळे संगणक सुरूच होत नाही, असे अनेकदा घडते. असे सुरू झाल्यास एकेक उपकरण परत जोडत जावे, आणि ज्याच्यापाशी अडचण येईल त्याची केबल, मग पोर्ट, मग शेजारच्या घरचा संगणक अशा क्रमाने अदलाबदल करून पाहावी. खरेदीचा विचार त्यानंतर करावा.

की-बोर्डवरचे ‘नम लॉक’ दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र जिवंत आहे आणि दोष बहुधा पडद्याच्या बाजूचा आहे. गोल पिनच्या जुन्या पद्धतीचे की-बोर्ड आणि माउस संगणक चालू असताना जोडू नयेत; जांभळा की-बोर्डचा आणि हिरवा माउसचा असे ओळखून बंद यंत्रात जोडावे, तरच ते ओळखले जातात. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ दिसत असेल, तर केबलचे दोन्ही टोकांचे स्क्रू आवळावेत, आणि संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल मदरबोर्डच्या (आतल्या मुख्य सर्किटपट्टीच्या) पोर्टातून काढून कार्डाच्या पोर्टात लावावी. सेकंडहँड यंत्र घेणाऱ्यांची ही हमखास गफलत असते.

पोर्टेबल हार्ड डिस्क दिसते आणि गायब होते, ही तक्रार बहुतेक वेळा विजेची असते. जुना यूएसबी पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि निळा, नव्या पद्धतीचा ९००. शिवाय पुढच्या पोर्टांपर्यंत आतून बारीक तार आलेली असते. डिस्क नेहमी मागच्या पोर्टात, तिच्यासोबत आलेल्या आखूड केबलने जोडावी. स्वस्त हबमधून तर ती कधीच जोडू नये.

प्रिंटरचा विषय थोडा सविस्तर घ्यावा लागतो, कारण दाखले, अर्ज आणि सातबारा छापण्यासाठी घरोघरी इंकजेट आले आहेत, आणि नवतपाच्या (मे अखेरच्या कडक उन्हाच्या) दिवसांत त्यांचे नोझल, म्हणजे शाईची बारीक छिद्रे, वाळतात. आठवड्यातून एकदा सर्व रंग असलेले एक पान छापत राहिले, तर ही वेळ सहसा येत नाही. पांढऱ्या रेघा येऊ लागल्या, तर प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमधून हेड क्लीनिंग दोनदा, फार तर तीनदा करावे आणि मग यंत्र रात्रभर तसेच राहू द्यावे, म्हणजे वाळलेली शाई सैल होते. एकामागून एक दहा वेळा क्लीनिंग केले, तर शाई नुसती टाकाऊ शाईच्या पॅडमध्ये जाते आणि ते पॅड भरले की प्रिंटर छापणेच थांबवतो. पावसाळ्यात भंडारा-गोंदियाकडच्या दमट हवेत उघडा ठेवलेला कागद ओल धरतो आणि लेझर प्रिंटरमध्ये वळून अडकतो. रिम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी. अडकलेला कागद पुढच्या दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश ओढावा.

छापण्याची आज्ञा रांगेत अडकून बसली आणि रद्दही होत नसली, तर प्रिंटर बंद करावा, विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये ‘प्रिंट स्पूलर’ थांबवून पुन्हा सुरू करावा आणि मग प्रिंटर चालू करावा. तेवढ्यासाठी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्याची गरज नसते.

आतले भाग

कॅबिनेट उघडण्यापूर्वी प्लग काढावा आणि मोकळ्या हाताने पत्र्याला स्पर्श करून अंगावरचा स्थिर भार घालवावा. हिवाळ्यात कापूस घरातच साठवण्याची रीत अनेक गावांत आहे. त्या खोलीत संगणक असेल, तर प्रोसेसरच्या पंख्याखाली कापसाच्या तंतूंची अक्षरशः गादी तयार होते, हवा अडते आणि यंत्र वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप बंद पडू लागते. कोरड्या मऊ ब्रशने आणि हातब्लोअरने ही धूळ काढावी, मात्र हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा; मोकळा पंखा हवेच्या जोराने भरमसाट फिरून त्याच्या बेअरिंगला इजा होते. एसएमपीएसचा डबा उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातल्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ राहू शकतो.

कूलरबद्दल वेगळे सांगणे भाग आहे. वाळ्याच्या किंवा लाकडी भुश्याच्या टट्ट्यांतून येणारी ओली हवा थेट संगणकावर घेतली, तर बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे बारीक तुषार मदरबोर्डावर बसतात आणि काही महिन्यांत पोर्टांवर हिरवट-पांढरा थर दिसू लागतो. संगणक कूलरच्या झोतापासून बाजूला ठेवावा, आणि कूलरची मोटार व पंप यांचा प्लग संगणकाच्या बोर्डावर कधीही लावू नये. एवढ्या उन्हात कूलर बंद ठेवा असे म्हणणे मात्र व्यवहाराला धरून नाही.

सुरू होताना यंत्र पुनःपुन्हा ‘बीप’ करत असेल आणि पडदा काळा असेल, तर बहुधा रॅमचा संपर्क सुटलेला असतो. दोन्ही टोकांच्या पकडी उघडून पट्टी काढावी, तिचे सोनेरी दात पेन्सिलच्या खोडरबराने हलके घासावेत, भुगा झटकावा आणि टिक् असा आवाज येईपर्यंत सारख्या दाबाने परत बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. दर वेळी तारीख जुनी दाखवली जात असेल आणि बँकेच्या किंवा सरकारी संकेतस्थळांवर सुरक्षिततेचा इशारा येत असेल, तर मदरबोर्डावरचा सीआर २०३२ क्रमांकाचा तीन व्होल्टचा बटणसेल संपला आहे. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बूट होताना डिस्क सापडत नसेल, तर तिची वीज आणि डेटा अशा दोन्ही केबल काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. गावच्या रस्त्याने प्रवास करून आलेल्या यंत्रात या केबल फार सहज सैल होतात.

डिस्क दगा देत असेल तेव्हा

फोल्डर उघडायला फार वेळ लागणे, फाइल वाचता न येणे, डिस्कमधून ठराविक तालात टकटक आवाज येणे, ही लक्षणे दिसली की इतर सगळे काम थांबवावे. आवाज नसेल आणि विंडोज चालत असेल, तर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने डिस्कची प्रकृती पाहावी. निळ्याऐवजी पिवळा रंग दिसला, म्हणजे खराब झालेले किंवा खराब होऊ घातलेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे लहान कप्पे) नोंदले गेले आहेत. अशा वेळी ‘डिस्क चेक’ चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो चुकीचा आहे; सगळी डिस्क वाचणारी ती प्रक्रिया मरणपंथाला लागलेल्या डिस्कचे उरलेसुरले आयुष्य खर्चून टाकते. आधी प्रत, मग तपासणी.

प्रत काढतानाही सबंध डिस्क एकदम निवडू नये. ज्या फायली पुन्हा मिळणार नाहीत त्या सर्वांत आधी घ्याव्यात: हिशेब, कागदपत्रांचे स्कॅन, स्वतः लिहिलेले काम, मग फोटो, मग व्हिडिओ. चित्रपट आणि गाणी राहिली तरी चालतील. एखाद्या फाइलपाशी यंत्र अडकले तर ती सोडून पुढे जावे.

विंडोज सुरूच होत नसेल, तर दोन मार्ग आहेत. पहिला, उबुंटू किंवा लिनक्स मिंट असलेल्या पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून, डिस्कवर काहीही न बसवता, फायली बाहेरच्या डिस्कवर घेणे. असा आठ जीबीचा पेन ड्राइव्ह संगणक धड असतानाच तयार करून ठेवावा. दुसरा, डिस्क काढून साटा (डिस्कच्या डेटा केबलचा प्रकार) ते यूएसबी जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावणे. मोठ्या, साडेतीन इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर असलेली जोडणी लागते. नव्या लॅपटॉपमध्ये विंडोज ११ पुष्कळदा डिस्क कुलूपबंद करून ठेवत असते, आणि मग यांपैकी कोणत्याही मार्गाने ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ही की बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आजच ती पाहून कागदावर उतरवून घरच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवावी.

टकटक करणारी डिस्क मात्र लगेच बंद करावी. तिच्यातले काही खरोखरच अमोल असेल, तर ती नागपूर-पुण्याच्या डेटा रिकव्हरीवाल्यांकडे न उघडता न्यावी. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचे उपाय सांगितले जातात; त्यांनी आत दव धरते. एसएसडीमधून (फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कमधून) चुकून पुसलेली फाइल तर सहसा परत येत नाही, कारण मोकळी झालेली जागा ती स्वतःच आतून साफ करत असते.

बॅकअपची घडी

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर, हा जुना नियम आहे आणि तो खेड्यातही पाळता येतो, फक्त ‘घराबाहेर’ म्हणजे काय हे आपल्या सोयीने ठरवावे लागते. शहरात लोक सारे क्लाउडवर टाकतात. दिवसाला दीड जीबीच्या मोबाइल प्लॅनवर शंभर जीबी फोटो चढवायचे म्हटले, तर दुसरे काहीही न पाहता सदुसष्ट दिवस लागतील; दहा एमबीपीएस अपलोड देणारे फायबर गावात पोहोचले असेल, तरी सलग बावीस तासांहून अधिक. शिवाय गुगलची फुकट जागा १५ जीबी आहे, त्यातच जीमेल, फोटो आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही मोजला जातो. म्हणून क्लाउडवर फक्त हलकी आणि मोलाची सामग्री ठेवावी, म्हणजे हिशेब, स्कॅन आणि लेखन.

जड सामग्रीसाठी एक टीबीच्या दोन पोर्टेबल डिस्क घ्याव्यात. एक घरी, कपाटात, यंत्रापासून वेगळी असावी. दुसरी तालुक्याला राहणाऱ्या भावाकडे किंवा मुलीच्या सासरी ठेवावी, आणि पोळ्याला, दिवाळीला येणे-जाणे होते तेव्हा दोन्हींची अदलाबदल करावी. वीज पडली, घरात पाणी शिरले किंवा चोरी झाली, तरी सगळ्या प्रती एकाच वेळी जात नाहीत. डिस्क कायम जोडून ठेवू नये, कारण खंडणीखोर व्हायरस आला तर तो जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही कुलूपबंद करतो.

नवी डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करावी. फॅट ३२ वर चार जीबीहून मोठी फाइल बसत नाही, आणि लग्नाचा व्हिडिओ नेमका त्यापुढचा असतो. आठवडी बाजारात मिळणारे भलत्याच क्षमतेचे स्वस्त पेन ड्राइव्ह टाळावेत. त्यांतले अनेक आत लहान असतात, मर्यादा ओलांडली की फायली लिहिल्यासारखे दाखवतात, पण त्या उघडत नाहीत. एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रामने खरी क्षमता मोजता येते. घरात पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या लग्नांच्या डीव्हीडी असतील, तर त्या उन्हाळ्यापूर्वीच डिस्कवर उतरवून घ्याव्यात, कारण अशा तबकड्यांवरचा रंगद्रव्याचा थर उष्णतेने आणि उजेडाने खराब होत जातो.

नित्याच्या प्रतीसाठी विंडोजची ‘फाइल हिस्टरी’ पुरेशी आहे. डिस्क जोडलेली असेपर्यंत ती ठरावीक फोल्डरांतल्या बदललेल्या फायली मुळात दर तासाला उतरवून घेते. आपण डी ड्राइव्हवर वेगळे फोल्डर केले असेल, तर ते त्यात समाविष्ट आहे का हे पाहावे. महिन्यातून एकदा बॅकअपमधली कोणतीही एक फाइल दुसऱ्याच यंत्रावर उघडून पाहावी. विंडोज १० वर असणाऱ्यांनी हे अधिक तत्परतेने करावे, कारण त्या आवृत्तीचा नियमित मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

तरीही दुकानात न्यायचे असेल तर

दोष एसएमपीएसचा, मदरबोर्डाचा किंवा मॉनिटरचा वाटत असेल, तर हार्ड डिस्क काढून घरी ठेवावी. या दुरुस्तीसाठी तिची गरज नसते, आणि वाटेतले धक्केही तिला बसत नाहीत. डिस्क द्यावीच लागली, तर तिच्या लेबलवरील क्रमांकाचा फोटो काढावा आणि पावतीवर ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ हे वाक्य दुकानदाराच्या हातून लिहून घ्यावे. भाग बदलला असेल तर जुना भाग परत मागावा. जुनी डिस्क परत आली तर ती भंगारवाल्याला तशीच देऊ नये. चालत असेल तर आतला मजकूर पूर्ण पुसून द्यावी आणि बंद असेल तर तिच्या तबकड्यांना ड्रिलने भोके पाडून द्यावी.